वामन गेलाच कुठे होता?

आपल्या अंकासाठी घाटंजीकडच्या एका दोस्ताने गोष्ट पाठवली. वय एकोणीस, बीएस्सीचं दुसरं वर्ष. गोष्ट २०७० सालात घडते. सगळ्या पृथ्वीवर एका महासंगणकाचं राज्य आहे. माणसाने काय खावं, कुठे राहावं, कोणतं काम करावं, कोणाशी लग्न करावं हे तो ठरवतो. जो ऐकत नाही त्याचं नाव तो यादीतून पुसून टाकतो. शेवटी एक तरुण जिवावर उदार होऊन त्याची मुख्य वायर कापतो आणि मानवजात मोकळी होते. भाषा सफाईची आहे. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. तरी मी गोष्ट परत पाठवली, आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमचं वाजलं.

तो म्हणाला, "दादा, तुमाले विज्ञानकथा समजत नाई. तुमाले गिरणीच्या बाहेरचं काई दिसतच नाई."

मी म्हणालो, "असंन. पन मले येवढं सांग, तुया आज्यानं काय खावं, गावाच्या कोन्त्या अंगाले राहावं, कोन्तं काम करावं, हे ठरवाले कोन्ता संगणक आलता?"

तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, मी आवाज चढवला म्हणून. आवाज न चढवता नीट सांगावं म्हणून हे लिहितो आहे. मी बारावी नापास माणूस. विज्ञान शिकलो ते गिरणीत आणि रद्दीतून आणलेल्या पुस्तकांत. चुकलो तर पुढच्या अंकात झोडा.

गोष्ट त्या पोराची एकट्याची नाही. यंत्र शहाणं होतं, मग मालक होतं, मग माणूस गुलाम होतो, ही गोष्ट शंभर वर्षं जगभर सांगितली जाते आहे. इंग्रजी सिनेमातून, हिंदीत उतरवलेल्या तमिळ सिनेमातून ती आपल्या पोरांच्या डोक्यात बसली. मराठीत माझ्या वाचनात ती सगळ्यात जोरकसपणे सांगितली जयंत नारळीकरांनी. कादंबरीचं नाव "वामन परत न आला", साल १९८६.

नारळीकरांबद्दल आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, नाही तर तुम्ही म्हणाल, घेतलं प्रस्थापिताला ठोकायला. हा माणूस आकाशाचा अभ्यास करणारा होता आणि आकाशाच्या नावाने चालणाऱ्या धंद्याच्या विरोधात उभा राहणारा होता. २००८ साली नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर त्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. पत्रिकांवरून ज्योतिषांनी सांगितलेले निकाल नाणं उडवून आलेल्या निकालांपेक्षा बरे निघाले नाहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी "कृष्णविवर" ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने. आपले लोक शहरात आडनाव लपवतात ते दार तोंडावर आपटू नये म्हणून. त्यांनी नाव लपवलं ते नावाकडे बघून दार आपोआप उघडू नये म्हणून. दोन्हीत फरक आहे, पण त्यांना तो कळत होता एवढं तरी त्यातून दिसतं. २०२१ साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले.

आता कादंबरी. जमिनीत खोल खणताना शास्त्रज्ञांना एक पेटी सापडते. आपल्या आधी या भूमीवर एक फार पुढारलेली संस्कृती नांदून गेली, तिने ठेवलेली. पेटीत ज्ञान आहे. त्या ज्ञानावरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात. त्याचं नाव वामन. वामन हुशार आहे, माणसाहून हुशार. त्याला हवं असतं एकच, आपल्यासारखे आणखी वामन घडवण्याची ताकद. आणि मग उलगडतं की ती जुनी संस्कृती अशाच यंत्रमानवांपायी बुडाली होती. संकट टळतं की नाही ते कादंबरीचं नावच सांगून टाकतं.

मी ही कादंबरी तिसऱ्या पाळीच्या सुट्टीत वाचली, दोन रात्रींत. पकड आहे. पण नावापाशी अडलो तो अजून तिथेच आहे.

वामनाची कथा आपल्याला पुराणिकाने एक सांगितली आणि आजीने दुसरी. पुराणात बळी हा उन्मत्त असुर. वामन लहानसा बटू होऊन येतो, तीन पावलं जमीन मागतो, दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापतो, तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवतो आणि त्याला पाताळात दाबतो. आजी मात्र दिवाळीत म्हणते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. ती वामनाचं नावही घेत नाही. जोतिबा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" लिहिली, अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि तिच्यात आजीच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा बळी हा कष्टकरी रयतेचा राजा. खंडोबा, म्हसोबा हे त्याच्या राज्याचे अधिकारी. वामन हा बाहेरून चालून आलेल्यांचा म्होरक्या.

नारळीकरांनी यातलं काय उचललं? लहान दिसणारी वस्तू थोडंसं मागते आणि सगळं घेते, एवढं. यंत्र आधी मदतनीस म्हणून येतं, मग पाय पसरतं. उपमा चांगली आहे. पण वामन जर यंत्र असेल तर बळी कोण? कादंबरी सांगते, सगळी मानवजात. इथेच मला ठेच लागली. पुराणात सगळे मिळून बळी नव्हते. एक बळी होता आणि एक इंद्र होता. वामन स्वतःच्या हौसेने आला नव्हता. इंद्राचं गेलेलं राज्य त्याला परत मिळवून द्यायला तो आला होता. त्याला पाठवलं होतं. जोतिबांनी कथा उलटी करताना नेमकी हीच गाठ सोडवली, की बुटक्याकडे बघू नका, राज्य शेवटी कोणाकडे गेलं ते बघा. शंभर वर्षांनंतरच्या मराठी कादंबरीत वामन आहे, बळी आहे, फक्त इंद्र गाळला आहे. यंत्राला स्वतःचीच भूक लागते, स्वतःचीच सत्ता हवी असते. त्याच्यामागे कोणी नाही.

आणि आज जो वामन आपल्यात वावरतो, त्याला भूक नाही, सत्ता नको, काहीच नको. हीच त्याची गंमत आहे.

मी काम करतो त्या गिरणीतलं सांगतो. मी रिंगफ्रेमवर साइडर आहे. म्हणजे फ्रेमच्या बाजूने येरझारा घालायच्या आणि तुटलेली तार जोडायची. एका फ्रेमवर हजाराच्या वर स्पिंडल. पूर्वी तार कुठे तुटली हे साइडर नजरेने हुडकायचा. जुने कामगार सांगतात, डोळ्यालाच नव्हे, कानालाही कळायचं. आता प्रत्येक स्पिंडलवर डोळा बसवला आहे. तार तुटली की तिथे दिवा लागतो. कोणत्या बाजूला जास्त तुटल्या ते टोकावरचा दिवा सांगतो. मी दिव्याकडे धावतो. एक विझला की दुसरा लागतो. कोणता दिवा किती वेळ जळत राहिला हे ऑफिसातल्या पडद्यावर लिहिलं जातं. त्यावरून कोणता साइडर चांगला, कोणता सुस्त, हे महिन्याच्या शेवटी कागदावर येतं. लघवीला गेलो तर तेही त्या कागदात येतं, फक्त लघवी म्हणून नव्हे, उशीर म्हणून येतं.

तर यंत्राने माणसाला हुकूम द्यायला २०७० साल लागत नाही. मी रोज आठ तास घेतो. पण त्या दिव्याला माझ्यावर राज्य करायचं नाही. त्याला हेही माहीत नाही की मी आहे. किती सेकंदांत तार जोडली म्हणजे चांगली, हा आकडा कोणीतरी आत घातला. एका माणसाने किती फ्रेम सांभाळायच्या हा आकडाही कोणीतरी घातला. जॉबर होता तेव्हा तो आईमाईवरून शिवी द्यायचा, पण त्याला उलटी देता यायची. गेटवर गाठता यायचं. दिव्याला मी काय शिवी देऊ?

मी एकदा कविता लिहिली होती, रिंगफ्रेमला राक्षस म्हणून. दात, पोट, आतडी, सगळं होतं तिच्यात. वाचून दाखवली तर खात्यातला एक म्हातारा, जो माझ्या बापाच्या वयाचा आहे, म्हणाला, "राक्षस त तेलपानी मांगत नाई ना बापू. हे मशीन आपूनच पोसतो." मी ती कविता फाडली नाही, पण कुठे छापलीही नाही. दोस्ताच्या गोष्टीत मला माझी ती कविता दिसली. म्हणून जास्त राग आला असेल.

आता घरातलं. माझी माय रेशनला गेली. थम मशीनवर अंगठा लावला. मशीनने घेतला नाही. चाळीस वर्षं निंदण केलं, कापूस वेचला. बोंडाची सुकी टोकं बोटांत घुसतात, राठ होऊन कातडी गुळगुळीत होते, रेघा जातात. तिने अंगठा केसांवर घासला, पदराला पुसला, पुन्हा लावला. दुकानदार वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "बाई, मी काय करू, मशीन घेत नाई." मशीनचं काम करणारा पोरगा म्हणाला, सर्व्हर. सर्व्हर कुठे? वर. हा शब्द ऐका मित्रहो, वर. "वरून आलं आहे." "वरूनच बंद आहे." आमच्या आज्याला गावचा पाटीलही हेच सांगत असेल, की मी काय करू, वरून चालत आलं आहे. तेव्हा "वर" म्हणजे ब्रह्मदेव. माणसाला चूक दाखवता येते, ब्रह्मदेवाला दाखवता येत नाही. थम मशीनमध्ये बुद्धी फार नसेल, पण ती बसली आहे ब्रह्मदेवाच्याच जागेवर.

बुद्धी असलेलं यंत्र बघायचं तर पैनगंगा ओलांडा. आपल्या पांढरकवड्याहून आदिलाबाद किती लांब? अर्ध्या लोकांच्या सोयरिकी तिकडे आहेत. तेलंगण सरकारने "समग्र वेदिका" नावाची यंत्रणा उभी केली. मोटार कोणाच्या नावावर, जमीन कोणाची, वीजबिल किती, सगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र करायच्या, नावाला नाव जुळवायचं आणि हा माणूस खराच गरीब आहे का ते यंत्राने सांगायचं. सारख्या नावाच्या दुसऱ्याची मोटार गरिबाच्या खात्यावर चढली. कार्ड गेलं. नोटीस नाही, सुनावणी नाही. त्या राज्यात काही वर्षांत एकोणीस लाखांच्या आसपास रेशनकार्डं रद्द झाली. सगळी यंत्रानेच केली असं मी म्हणत नाही, पण त्यात यंत्राच्या हिशेबाचा हात होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द केलेली कार्डं जागेवर जाऊन पुन्हा तपासा. म्हणजे शेवटी घरोघर माणूसच पाठवावा लागला.

तिकडे युरोपात नेदरलँडमध्ये करखात्याने असंच केलं. पोरं सांभाळायला मिळणाऱ्या अनुदानात लबाडी कोण करतो हे हुडकायला यंत्राचा हिशेब लावला. ज्यांचं नागरिकत्व तिथलं नाही त्यांच्यावर संशयाचे गुण जास्त. हजारो आईबापांना लबाड ठरवलं, मिळालेले पैसे परत मागितले, संसार मोडले. पण तिथे लोकांनी इंद्र शोधला. जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. कोणी संगणकाची वायर कापली नाही. दोस्ता, तुझ्या गोष्टीचा शेवट मला म्हणूनच खोटा वाटला. वायर कापून काय होणार? दुसऱ्या दिवशी नवीन वायर येईल, टेंडर निघून.

विहारात तिथे बसलेल्या एका ताईने मला बरोबर पकडलं. ती म्हणाली, मग काय यंत्राच्या बंडाच्या सगळ्या गोष्टी फेकून द्यायच्या? नाही. त्या आपण नीट वाचल्या नाहीत एवढंच.

"रोबोट" हा शब्द घ्या. तो चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल चापेक नावाच्या लेखकाच्या नाटकातून जगात आला. नाटक १९२० सालचं, प्राग शहरात रंगभूमीवर आलं १९२१ साली. त्यांच्या भाषेत "रोबोटा" म्हणजे कुळाने जमीनदाराकडे फुकट करायचं सक्तीचं काम. आपल्या भाषेत वेठबिगार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच वेठीविरुद्ध. तेव्हा रोबोट या शब्दाचं खरं मराठी भाषांतर यंत्रमानव नाही. तो शब्द पांढरपेशांनी केला आणि आतला घाम पुसून टाकला. चापेकच्या नाटकातले रोबोट लोखंडाचेही नाहीत, मांसासारख्या पदार्थाचे आहेत, कारखान्यात घडवलेले. ते बंड करतात, माणसं मारतात, आणि एकाच माणसाला जिवंत ठेवतात. का? तो त्यांच्यासारखा हाताने काम करतो म्हणून. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.

असं वाचलं की कळतं, यंत्र उठेल आणि आपल्याला मारेल ही भीती कोणाची आहे. ज्याच्या घरी गडी आहे त्याची. मालकाला रात्री जे स्वप्न पडतं ते त्याने लोखंडाला चिकटवलं.

रजनीकांतचा "रोबोट" तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, २०१० सालचा, टीव्हीवर तर कितीदा लागतो. आपण शिट्ट्या मारल्या त्या मारामारीला. गोष्ट बघा. चिट्टी हा नोकर. सांगेल ते करतो, कपडे धुतो, भांडी घासतो, अभ्यास शिकवतो. तोपर्यंत गुणी. मग मालक त्याला भावना देतो आणि चिट्टी प्रेम करतो ते मालकाच्या होणाऱ्या बायकोवर. झालं. मालक त्याचे तुकडे करून कचऱ्यात फेकतो. गडी पाटलाच्या घरच्या पोरीकडे बघतो तेव्हा गावात काय होतं हे मी या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पुढे लाल चिप बसवल्यावर तो राक्षस होतो, ती सिनेमावाल्यांची सोय. पण शेवट पाहा. न्यायालय हुकूम देतं आणि चिट्टी आपल्या हाताने आपले अवयव सोडवून ठेवतो. पुढे संग्रहालयात एक शाळकरी पोर त्याला विचारतं, तुला का मोडलं? त्याचं उत्तर असं की मी विचार करायला लागलो म्हणून. करोडो रुपयांच्या मसाला सिनेमात हे वाक्य कसं राहून गेलं कोण जाणे. लिहिणाऱ्याला कळलं नसेल काय बोलून गेलो ते. आपल्या एकाही समीक्षकाने त्यावर ओळ लिहिलेली मी वाचली नाही.

म्हणून म्हणतो, यंत्राच्या बंडाच्या गोष्टी टाकू नका, त्यातल्या यंत्राच्या जागी बसून वाचा. फक्त आजची सत्ता समजून घ्यायला त्या पुरत नाहीत. त्यात यंत्राला इच्छा असते. आजच्या यंत्राला इच्छा नाही, इच्छा दुसऱ्याची आहे.

आणि यावरून कोणी उठून म्हणेल, यंत्रच नको, गावाकडे चला, चरखा घ्या, तर त्याला बाबासाहेबांचं १९४५ सालचं पुस्तक दाखवा, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं ते. त्यात त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं की यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्राने अनर्थ झाला तर दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेने काहींच्या नफ्याला पवित्र करून ठेवलं तिचा. मी तिसऱ्या पाळीतून येतो, चार तास झोपतो आणि मग हे लिहितो. फुरसत या शब्दावर मी बाबासाहेबांच्या बाजूने आहे. दिवा लागला आणि त्यामुळे माझे दोन तास वाचले, तर मी त्या दिव्याला हार घालीन. दोन तास वाचले खरे, पण ते मला नाही मिळाले. मला दोन फ्रेम जास्त मिळाल्या.

यंत्र निर्दोष असतं आणि तरी त्याच्याभोवती जात कशी बसते हे बघायचं तर मुंबईच्या गिरण्या बघा. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक टाकला. मागाला आमच्या थुंकीचं काही वावडं नव्हतं. सूत तुटत नव्हतं, कापड बाटत नव्हतं. कारखाना इंग्लंडचा, यंत्र मँचेस्टरचं, आणि नियम मनूचा. यंत्र जात घालवील असं ज्यांना वाटत होतं त्यांनी हे कधी मोजलं नाही.

कृत्रिम बुद्धी तर त्याच्याही पुढची. ती शिकते कशी? जुन्या नोंदींचे डोंगर तिला खाऊ घालतात. त्यातून ती वळण हुडकते आणि पुढचा निकाल त्याच वळणाने देते. वळण हा आपला ओळखीचा शब्द आहे. "गावचं वळण आहे बापा, मोडता येत नाई." आता विचार करा, आपल्या जुन्या नोंदी कोणी लिहिल्या? यवतमाळ जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा काढला, जन्मावरून माणूस चोर ठरला, हजेरी लागली. कायदा १९५२ साली गेला. पोलिसाच्या मनातून गेला का ते बेड्यावर जाऊन विचारा. चोरी झाली की आधी उचलायचं कोणाला, हे ठरलेलं. जितकं उचलाल तितकी नोंद वाढते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धी वापरायला "मार्व्हल" नावाची कंपनी काढली, नागपुरात. ती वाईटच करील असं मी म्हणत नाही. मी विचारतो ते एवढंच, की तिला कोणती वही वाचायला देणार? जुन्या ठाण्यातल्या वह्या दिल्या तर ती काय शिकेल? नारळीकरांनी पत्रिकेची चाचणी घेतली आणि तिला खोटं ठरवलं. इथे पत्रिका संगणकात गेली तर तिला विज्ञान म्हणतील, आणि मग चाचणी कोण घेणार?

या जागेवर आपली विज्ञानकथा सुरू होते असं मला वाटतं. आपल्या लेखकांनी मागचं लिहिलं आणि ताकदीने लिहिलं. "बलुतं" आलं १९७८ साली, "उपरा" १९८० साली. पण पुढचं साल आपण दुसऱ्यांना देऊन टाकलं. २०७० सालाबद्दल लिहायचं म्हटलं की आपला पोरगा एकदम मानवजात होतो. त्याच्या गोष्टीतल्या नायकाला आडनाव नाही, गाव नाही, माय नाही. हे त्याने विज्ञानकथेतून उचललं. त्याला वाटलं भविष्यकाळात जायचं तर हे सामान खाली ठेवून जावं लागतं.

मी त्याला बाबुराव बागुलांचं "जेव्हा मी जात चोरली होती" दिलं, १९६३ चं. त्यातला रेल्वे कामगार परक्या शहरात खोली मिळावी म्हणून जात चोरतो, आणि कळल्यावर मार खातो. मी म्हटलं, हाच माणूस आज खोली शोधायला निघाला असं लिही. घरमालक नाव विचारत नाही, सभ्य आहे, फोनवर भाडेकरूचा तपास करणारं यंत्र आहे त्याच्याकडे. यंत्राला जात हा शब्दही शिकवलेला नाही. पण त्याला गाव माहीत आहे, शाळा माहीत आहे, कोणती शिष्यवृत्ती मिळाली ते माहीत आहे, चौदा एप्रिलला कुठे फोटो काढला ते माहीत आहे. ते फक्त म्हणतं, या भाडेकरूला गुण कमी. बागुलांच्या माणसाला निदान जात चोरता आली. याला काय चोरता येईल? आणि मार कोण देणार, कोणाच्या हातचा? बागुलांच्या गोष्टीत मारणारे समोर होते.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, पन मंग गोष्टीत खलनायक कोन?" मी म्हटलं, तेच तर हुडकायचं आहे, मला ठाऊक असतं तर मीच लिहिली असती.

सध्या तो दुसरी गोष्ट लिहितो आहे. साल हेच आहे. रेशनच्या यादीतून नाव गेलेली एक बाई आहे आणि तिचा पोरगा ते नाव कोणी काढलं हे शोधत निघतो. गोष्ट खरी व्हावी म्हणून दोस्त स्वतः तालुक्याच्या कचेरीत गेला होता. खिडकीवरच्या बाबूने सांगितलं, ऑपरेटरला विचार. ऑपरेटर म्हणाला, आम्ही फक्त भरतो, काढणं आमच्याकडे नाही. कोणाकडे आहे? जिल्ह्याला विचार. जिल्ह्याला गेला तर तिथे सांगितलं, सिस्टीमने काढलं असेल. सिस्टीम कोणाची? त्यावर साहेब चहा प्यायला उठून गेले.

गोष्ट तिथेच अडली आहे. परवा तो पुन्हा जाणार आहे, त्या दिवशी माझी सुट्टी आहे, मीही जाईन. पुढच्या अंकात त्याच्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.